गोजराबाईचं चिंबोरीशी भांडण

तळवली

तीर्थरूप राजाआत्या,

कुंदनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, आतोबांचा खोकला आणि दारासमोर उभे राहणारे कंटेनरचे ट्रक, तिन्ही आता कमी त्रास देत असतील अशी आशा करतो. आम्ही मजेत. आई तर जरा जास्तच, कारण तुझी गोजरावहिनी सिनेमात गेलीय.

झालं असं, की लहान मुलांचं एक जुनं कार्टून आता खरी माणसं घेऊन पुन्हा बनतंय (त्यातलं खरं कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं, ते मला अजून कळलेलं नाही). त्यात एका म्हातारीचं बोलक्या खेकड्याशी, म्हणजे आपल्या चिंबोरीशी, भांडण आहे. डायरेक्टर शिवतेजने आईला मच्छी मार्केटात गिऱ्हाइकाला झापताना पाहिलं आणि तिथेच हात जोडले.

सेटवर गेलो तर चिंबोरीच नाही! ती मागाहून कॉम्प्युटरवर काढणार. समोर नुसता काठीला लावलेला हिरवा चेंडू. आई म्हणाली, "चेंडूशी भांडायला मी येडी हाय काय?" मग अर्पिता नावाची मुलगी नखशिखांत हिरवे कपडे घालून चिंबोरीच्या जागी रांगत आली. आईने तिला दंडाला धरून उठवलं. "पोरी, गुडघे फुटतील. जेवलीस काय?" शूटिंग थांबलं, अर्पिता जेवली.

शेवटी शिवतेज म्हणाला, "आजी, ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो, त्याला डोळ्यांसमोर आणा." आईने डोळे मिटले, उघडले आणि जी सुटली! कॅमेरावाला मागे सरकला. हिरवी अर्पिता खरोखर रडली. टाळ्याच टाळ्या.

पुढे आम्हाला तो तुकडा दाखवला. चिंबोरी एवढी खरी, की आई पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "गाबोळीनं भरलीय, अंड्यावर आलीय." पण आई स्वतः? कॉम्प्युटरने गाल गुळगुळीत केलेले, डोळे बशीएवढे. चिंबोरी खरी आणि आई कार्टून! आईने पदराने पडदा पुसून पाहिला. मग म्हणाली, "उन्हात मच्छी विकून कमावल्यात या सुरकुत्या. परत लावा, नायतर माझं तोंडच काढा." शिवतेज खजील झाला. सुरकुत्या परत आल्या. एक जास्तच आली, तीही आईने ठेवून घेतली.

आतोबांना नमस्कार.

तुझा,
कुंदन

ता. क. आईने डोळ्यांसमोर आणलेलं माणूस म्हणजे तू. माझ्या लग्नातल्या मानपानावरून तुम्ही अबोला धरलात, तो सगळा तिने त्या एका शॉटमध्ये बोलून टाकला, तुझ्या नावासकट. शिवतेजला नाव फार आवडलं. चिंबोरी आता राजाबाय झालीय.

पुन्हा ता. क. या चिंबोरीला उलट उत्तरं द्यायचीत, त्यासाठी आवाज हवाय. दोन नट्या आल्या, आईपुढे टिकल्या नाहीत. आई म्हणते, "मला तोडीस तोड बोलनारी एकच हाय, आनि ती उरनला बसलीय." रविवारी गाडी पाठवतोय. मनात असेल ते सगळं घेऊन ये. आईनेच सांगितलंय, काही मागे ठेवू नकोस.