आवाज भरायचे दिवस

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवताना आईने टेम्पोवाल्याला बजावलं, की ते खोकं जपून धर बाबा, त्यात माझ्या लेकीचा सिनेमा आहे. पडला तर दुसरा काढायला विकण्यासारखं आता मीच एकटी उरले आहे. टेम्पोवाला हसला, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असं नंतर लक्षात आलं.

जागा मला फार आवडली. वर आमच्या दोन खोल्या आणि गॅलरी, खाली ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. मालक स्वतःच ध्वनिमुद्रक; खालीच राहतात, एकटे. सिनेमाचा सगळा आवाज ते भरून देणार, तोवर आम्ही वर राहायचं, पैसे सिनेमा विकला गेल्यावर. गेली दोन वर्षं मी ज्यांच्या ज्यांच्या दारात गेले त्यांनी आधी चहा दिला आणि मग नकार. या माणसाने चहासुद्धा न विचारता होकार दिला.

सिनेमा चित्रित होऊन पडून आहे. एक म्हातारी घरात एकटी राहते आणि दिवसभर भांड्यांशी, दारांशी, भिंतींशी बोलत असते, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक माझा धाकटा भाऊ. आम्ही हाती येईल तसं, तुकड्यातुकड्यांनी चित्रण केलं, तेही मिळेल तो जनरेटर शेजारी लावून. त्यामुळे चित्र देखणं आणि आवाज सगळा घरघरीत बुडालेला. पावलं, पाणी, दारं, बोलणं, सगळं नव्याने भरायचं आहे. म्हातारीचं काम केलेल्या बाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं बोलणं कोण भरणार हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

गल्ली इतकी शांत, की आवाजाच्या कामाला याहून चांगली जागा मिळणार नाही. समोर सुताराचं दुकान आहे. तो रंधा मारत होता, मला पाहून त्याने हात उंचावला, बोलला मात्र नाही. आईचं मत, की इथे माणसं राहतात की त्यांचे फोटो लावून ठेवलेत ते एकदा बघून ये.

७ फेब्रुवारी

काम सुरू झालं. मालक पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात सदा हेडफोन. बोलतात इतकं हळू, की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागतं. आईने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव कानसेन ठेवलं आणि त्यांच्या तोंडावर सांगितलंही. त्यांना आवडलं असावं. ते आईला आजी म्हणतात, मला मॅडम.

त्यांची एक हट्टाची गोष्ट आहे. तयार आवाजांचा साठा ते वापरत नाहीत. सगळं अस्सल हवं. आज त्यांनी आमच्याच फाटकाची करकर घेतली. लांब दांड्याच्या टोकाला केसाळ टोपी घातलेला माइक, आणि मी फाटक उघडत-मिटत होते. मग मोरीतल्या नळाची धार. दुपारी त्यांनी ते चित्रावर बसवून दाखवलं. म्हातारी फाटक उघडते, नळाखाली हात धरते. दोन वर्षं मी हा प्रसंग मुका पाहिला आहे, पण आज मला पाण्याचा गारवा जाणवला. शेजारी आई होती. ती म्हणाली, की आता पटलं, तू अगदीच मूर्खपणा केलेला नाहीस. तिच्याकडून ही मोठी पदवी आहे.

११ फेब्रुवारी

फाटक करकरत नाही. धाकट्याने तेल घातलं असेल म्हणून फोन करून विचारलं. तो म्हणाला, ताई, मी तिकडे फिरकलोच नाही. नळाची धार बादलीत पडते तेव्हा ऐकू येत नाही. बादली हळूहळू भरत जाते, नुसती.

उगाच मनाचे खेळ नकोत म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान उत्तम आहेत. त्यांनी विचारलं, झोप लागते का, काळजी कसली करता. मी सिनेमा काढते म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

या चार दिवसांत कानसेनांनी जिना, माजघराचं दार, गॅलरीतली कबुतरं आणि गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्याचं भुंकणं घेतलं. चित्रावर सगळं अप्रतिम बसलं आहे.

१५ फेब्रुवारी

फाटक आता उघडतच नाही; शेजारच्या बुटक्या भिंतीवरून चढून ये-जा करते. नळ कोरडा पडला. पिवळा कुत्रा परवापर्यंत तोंड उघडून भुंकायचा, जबडा हलायचा, मान ताणली जायची आणि आवाज नाही. आज तो भुंकायचंही विसरला आहे. कोणी जवळून गेलं तरी मान वर करत नाही.

मी समोर सुताराच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. रंधा फळीवरून फिरत होता, सालपटं गळून पडत होती आणि कसलाही आवाज नव्हता. हाताच्या अंतरावर उभी होते मी. आल्या दिवशी याच माणसाकडे पाहून मला शांत गल्ली मिळाल्याचा आनंद झाला होता. त्याला विचारलं, तर त्याने आमच्या इमारतीच्या तळमजल्याकडे बोट दाखवलं आणि दुकान बंद केलं. शटरही आवाज न करता खाली आलं.

तशीच कानसेनांकडे गेले. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं काम थांबवलं, खुर्ची पुढे केली आणि समजावून सांगितलं, एखाद्या चांगल्या मास्तरासारखं. नक्कल दोन ठिकाणी असू शकते मॅडम, अस्सल आवाज एकाच ठिकाणी असतो. नक्कल हवी असेल तर ती देणारी यंत्रं बाजारात ढिगाने आहेत. आणि आवाज गेला की वस्तू? तीही जाते, म्हणाले, मागून, सावकाश.

हे ऐकूनही मी सामान बांधलं नाही. का बांधलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला वाटलं, फाटकच तर आहे. नळच तर आहे.

१९ फेब्रुवारी

वितरकाचा फोन आला. नमुना म्हणून पाठवलेला सुरुवातीचा भाग त्याने पाहिला, नव्हे, ऐकला. तो म्हणाला, की असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही. महिनाअखेर सिनेमा पुरा करून द्या, मी लावतो. त्यानंतर मात्र त्याच्या तारखा गेल्या.

धाकटा धावत आला. हेडफोन लावून बसला आणि रडला. तो लहानपणीही असाच रडायचा, तोंडावर हात दाबून. नंतर म्हणाला, ताई, आता फक्त म्हातारीचं बोलणं, आणि ते आपल्या आईशिवाय कोण बोलणार, सबंध पटकथा मी तिच्याच बडबडीवरून लिहिली आहे.

त्याला मी सुतार, कुत्रा, सगळं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तू थकली आहेस, म्हणाला.

मी आईला घेऊन उद्याच्या उद्या निघू शकते. कुठे, हे माहीत नाही, पण निघू शकते. आणि मग हा सिनेमा कधीच होणार नाही. दोन्ही वाक्यं लिहिली. पहिलं मी एकदाच वाचलं, दुसरं पुन्हा पुन्हा वाचते आहे.

मी स्वतःला सांगितलं, की फक्त दोन प्रसंग. थोडासा आवाज. माणसाचा आवाज म्हणजे काही नळाची धार नव्हे. आईसारख्या बाईचा तर आटायचा नाही.

२१ फेब्रुवारी

झालं.

आई ठेवणीतले कपडे घालून खाली गेली. कानसेनांना म्हणाली, की सत्तर वर्षं बोलते आहे, घरच्यांनी कानात बोळे घातले. धरून ठेवायला यंत्र घेऊन आलेला तूच पहिला. भांड्यांवर चिडली, दाराची समजूत काढली, भिंतीला नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या. लिहिलेलं होतं त्याहून कितीतरी जास्त बोलली. दोन प्रसंग म्हणता म्हणता सगळेच झाले. मी काचेच्या अलीकडे उभी होते. थांबवायला नुसता हात वर करायचा होता.

वर येताना जिन्यात थांबून म्हणाली, की घसा सुकला, पण मजा आली गं.

२२ फेब्रुवारी

सकाळी आई माझ्या उशाशी येऊन उभी होती. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते, मग तिने दोन्ही हातांनी गळा धरला.

मी तिला सांगितलं, घसा बसलाय, काल फार बोललीस. गरम पाणी दिलं. माझ्या हातून पेला घेताना तिने माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मी खिडकीकडे पाहत राहिले.

२४ फेब्रुवारी

ओठही हलत नाहीत आता. कागद-पेन्सिल दिली, तर ती नुसती हातात धरून बसली. राग नाही, काही मागणं नाही. आयुष्यभर मी या बाईला म्हणत आले, की आई, पाच मिनिटं गप्प बस.

खाली जाऊन मी कानसेनांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं. परत देता येत नाही, म्हणाले. मग पुसून टाका म्हटलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पुसला तर कुठेच राहणार नाही, म्हणाले; आता निदान सिनेमात आहे.

म्हणजे आता हा सिनेमा पुरा झालाच पाहिजे. माझी आई बोलते अशी जगात ती एकच जागा आहे. आणि पुरा करायला —

नाही. उद्या लिहिते.

२६ फेब्रुवारी

एकच प्रसंग राहिला आहे. शेवटचा. म्हातारी दुपारी झोपली आहे, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, बोलणं नाही, काही नाही. फक्त श्वास.

मी म्हटलं, माझा घ्या. कानसेनांनी माइक न लावता माझा श्वास थोडा वेळ ऐकला आणि मान हलवली. चेहरा सत्तरीचा आणि श्वास पंचेचाळिशीचा, प्रेक्षक फसत नाही. मी म्हटलं, तो प्रसंगच काढून टाकू. धाकट्याचा फोनवर तोल गेला. त्या एका प्रसंगासाठी त्याने बाकीचा सिनेमा केला आहे. श्वासाने काय होणार ताई. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

वितरकाची गाडी उद्या संध्याकाळी यायची आहे.

वाईट हे, की क्षणभर मी हिशेब केला. आवाज आधी जातो. वस्तू मागून, सावकाश. फाटकाला आठवडा लागला होता. आठवड्यात सिनेमा लागला असता, तिने पाहिला असता.

हे मी लिहिलं. मीच.

२७ फेब्रुवारी, सकाळ

आईला घेऊन निघाले होते. फाटक उघडत नाही आणि तिला भिंत चढवत नाही. गॅलरीतून हाका मारल्या. सुताराने वर पाहिलं आणि खाली मान घातली.

धाकट्याला फोन केला, ये आणि आम्हाला घेऊन जा. तो म्हणाला, मी खालीच आहे, कधीचा. कानसेनांबरोबर. शांत हो ताई, दुपारपर्यंत होईल सगळं.

दुपार

आतल्या खोलीत आहोत. आई आणि मी. दाराला कडी, कडीला टेबल. ती झोपली. उठवून पाहिलं, पुन्हा झोपते. मी अंथरुणाला टेकून बसले आहे, इथून हलायचं नाही.

दाराबाहेर पावलं नाहीत. जिना वाजत नाही ना — कधीच वाजत नाही आता —

तिचा श्वास चालू आहे. मोजत नाही, नुसता ऐकते. ऐकू येतोय तोवर तो तिचा आहे.

पंख्याच्या घरघरीत ऐकू येईना. पंखा बंद केला.

खिडकीतून वारा येत होता. खिडकी लावली. फटीत चादरी कोंबल्या. दारावर रजई टांगली, माइक कुठूनही आत यायला नको. भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली ठेवलं. फोन बंद.

आता स्वच्छ ऐकू येतो. किती स्वच्छ. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना —

थांब.

पंखा बंद. खिडकी बंद. रजई. घड्याळ. फोन.

ध्वनिमुद्रणाच्या आधी हेच करतात. हेच. या तीन आठवड्यांत खाली दर वेळी मीच हे करत आले. खोली त्यांनी नाही, मी —

दारावरच्या झरोक्याला काच नाही. वर बघितलंच नव्हतं. दांडा आत येतोय, सावकाश, केसाळ टोक आईच्या तोंडावर — मधे हात धरलाय, ओरडायला हवं, ओरडले तर मुद्रण बिघडेल, शेवटचा प्रसंग, ओरडायला हवं, मी ओरडत का ना —

छाती वरखाली होतेय तिची. होतेय. पण ऐकू