अडकलेला बायोडाटा

मंगळवार, संध्याकाळ. इस्लामपूर.

डोळ्यांसमोरून जातच नाही. कुंडलचे तात्या दुकानात आले होते, मुलाच्या उत्तरकार्याची पत्रिका छापायला. केबल बदलल्यापासून लेझर प्रिंटर बंदच होता. त्यांच्यासमोरच सेटिंगमध्ये जाऊन नव्या केबलचा पोर्ट निवडला, आणि पहिला कागद बाहेर आला तो त्याच मुलाचा लग्नाचा बायोडाटा. गेल्या महिन्यात छापायला दिलेला, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या प्रिंटच्या रांगेत अडकलेला. आधी रांगेत अडकलेलं काढून टाकायचं असतं, रोजचं काम हे, मग आजच कसं विसरलो? बायोडाटा लपवायला गेलो, तर तात्यांनीच तो उचलला. "ह्योच फोटू घाल पत्रिकेवर," म्हणाले. घातला. आमचा लेझर काळं-पांढरंच छापतो. तात्यांनी पत्रिका हातात घेतली, फोटोवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "शर्ट निळा व्हता रं त्येचा."