बंद कारखान्याचे डेसिबल

३ डिसेंबर, बुधवार

टाकला एकदाचा. सहाही कारखान्यांचा आवाजाचा डेटा, कच्चा, जसाच्या तसा, सगळ्या जगाला उघडा. कोणीही उतरवून घ्यावा. मी स्वतः अजून आत डोकावलेलं नाही, हट्टाने. काय शोधणार, काय ठेवणार, कशासाठी वगळणार ते आकडे बघायच्या आधीच लिहून नोंदवलंय. नंतर मोह नको. आधी टाकायचं, मग बघायचं.

गाइड सरांचं तोंड वाकडं. "आधी स्वतः नजर घालायचीस ना. कोणी ढापलं तर?" जणू परसातली वांगी आहेत.

क-१ ते क-५ लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, चालू कारखाने. क-६ म्हणजे हमीदाखालांचा बंद कारखाना, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतला. खालू, म्हणजे त्यांचे मिस्टर, वारले, लूम भंगारात गेले, वीज तोडली, दाराला कुलूप. लूम नसताना तिथे मुळात किती आवाज असतो ते कळावं म्हणून तो घेतला. बाकी पाचांची तुलना त्याच्याशी. तो बिघडला तर थिसिस बसला. पण रिकाम्या खोलीत बिघडणार काय?

आई विचारते, "झालीस का मंग डॉक्टर?" म्हटलं फेब्रुवारीत सबमिट. "मंग मार्चात पोरगा बघू." कठीण आहे.

८ डिसेंबर, सोमवार

गुवाहाटीहून मेल. रिनी म्हणून मुलगी, मास्टर्सला आहे. उघडा डेटा घेऊन तेच गणित पुन्हा करून बघायचं, असं त्यांना वर्गात दिलंय. तिने माझा घेतला. इतका आनंद झाला की दोनदा वाचला, मग खालचा प्रश्न वाचला.

क-६ मध्ये लूम किती, विचारते. म्हणे सगळ्यात शिस्तीचा कारखाना तोच. शुक्रवारी दुपारी सगळेच थांबतात, नमाज असेल. पण क-६ रोजच दुपारी थोडा वेळ थांबतो. जेवणाची सुट्टी का? मग बाकीच्यांना का नाही?

बाकीच्यांना नाही कारण लूम थांबवून कोणी जेवत नाही. आळीपाळीने जेवतात, लूम चालूच.

पोरीने चुकीची फाइल उघडली असेल म्हणून मी स्वतः उघडून बघितली. चुकीची नव्हती. क-६ मध्ये दिवसपाळी चालू आहे. सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. क-२ आणि क-६ शेजारी ठेवले तर सांगता येणार नाही कुठला रिकामा.

रिनीला अजून उत्तर दिलं नाही. काय देणार?

९ डिसेंबर, मंगळवार

आवाज मोजायच्या मीटरांची अदलाबदल? नाही. स्टिकर, नंबर, फोटो, सगळं जुळतं. मीटर काढून लॅबमध्ये नेला, ठरलेला आवाज देऊन तपासला. ठणठणीत. शेजारचा आवाज? एका बाजूला पुठ्ठ्याचं गोडाऊन, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट. ऐकून बघायची सोय नाही. मीटर फक्त डेसिबल लिहितो, आवाज साठवत नाही. कामगारांचं बोलणं टेप होऊ नये म्हणून मीच तसा मागितला होता. शहाणी मी.

सर: "मीटर खराब. क-६ उडव, दुसरा बंद गाळा घे."
मी: "मीटर तपासणीत नापास झाला तरच उडवायचा, असं लिहून ठेवलंय. तो पास झालाय."
सर: "तूच लिहिलंस ना? मग तूच बदल."

बदललं की तारखेसकट सगळ्यांना दिसतं. त्यासाठीच तर ते असतं. न बदलावं, तर भुताचा डेटा घेऊन व्हायव्हाला उभी राहू? लोक हसतील. चार वर्षं गेली यात, आणि बाबांनी काल्हेरच्या गोडाऊनमध्ये जादा ड्युट्या केल्या त्या वेगळ्याच.

११ डिसेंबर, गुरुवार

मीटर परत लावायला खालांकडे. त्या गल्लीच्या समोरच्या बाजूला राहतात, चावी त्यांच्याच कमरेला. आत जमिनीत लूमचे बोल्ट तेवढे उरलेत. छताला जुना कापूस अजून लोंबतोय.

"खाला, इथे कोणी येतं का?"
"कोण येणार बेटा? उंदीर पण गेले."

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. म्हटलं, रोज दुपारी थोडा वेळ आकडे खाली येतात. खालांनी हाताने खूण केली: बोटं तोंडाशी, आणि मग पंजा आडवा. लूमवाले असंच बोलतात, आवाजात दुसरं चालत नाही. जेवण. बंद कर.

मग म्हणाल्या, "मी डबा घेऊन यायची ना, तर तुझे खालू सगळे लूम बंद करायचे. पूरा कारखाना. लोक हसायचे, बायकोसाठी कपडा थांबवतो. कान गेले होते त्यांचे. म्हणायचे, हमीदा काय बोलते ते मला ऐकायचंय."

पदराने डोळे पुसले त्यांनी. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी रडू आलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुसरा मीटर, कोरा, शेजारच्या डिपार्टमेंटमधून मागून आणला. दोन्ही शेजारी ठेवले आणि खुर्ची टाकून आत बसले.

काहीही ऐकू आलं नाही. माझं पेन कागदावर घासतंय तेवढं. आणि दोन्ही मीटरांवर आकडे चढत गेले, एकाच वेळी, एकाच चालीने. लूम चालू असताना जिथे असतात तिथे येऊन टेकले. मी मोठ्याने "कोण आहे" म्हटलं. आकडा हललासुद्धा नाही. खऱ्या लूमच्या आवाजात माझ्या एकटीच्या आवाजाने तो हलतच नाही.

अजानच्या थोडं आधी उतरले. नमाज संपल्यावर परत चढले.



१३ डिसेंबर, शनिवार

रिनीला सगळं खरं लिहिलं. वाटलं होतं उत्तरच येणार नाही. आलं. "तुम्ही स्वतः बसून बघा आणि तेही नोंदवा. तुम्हाला ऐकू आलं नाही, हासुद्धा डेटा आहे." हिचं वय काय असेल? मला धीर देते.

१८ डिसेंबर, गुरुवार

आठवडाभर रोज बसतेय. माणसाला कशाचीही सवय होते. दुपारी आकडे उतरले की मीही डबा उघडते. चालू लूमसमोर जेवायला कसंतरी वाटतं.

आज खाला डबा घेऊन आल्या, माझ्यासाठी म्हणून. बसल्या आणि बोलत सुटल्या. गॅसचा सिलिंडर, कुवेतची लेक, गुडघा, गल्लीतलं गटार. माझ्याकडे बघतच नव्हत्या. मी मीटर बघत होते. रोजची वेळ टळून गेली, तरी आकडे खालीच. खालांचं संपलं, त्यांनी डबा बंद केला, दाराबाहेर गेल्या. मग चढले.

हे लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहिलं. कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही.

घरी आई: "वरडतेस कशाला? मी हितंच हाय."

२२ डिसेंबर, सोमवार

सर आज गोड बोलले, तेव्हाच कळलं काहीतरी आहे. "नियम मोडायला कोण सांगतंय? सहभागी माणूस कधीही संमती मागे घेऊ शकतो, हा तुझाच नियम. बाईकडून लिहून घे. क-६ आपोआप जाईल, तुझ्यावर डाग नाही. नाहीतर मी थिसिसवर सही करणार नाही."

बरोबर आहे. कागदोपत्री अगदी बरोबर. कोणाला कळणार नाही की बाईला मागे घ्यायचं नव्हतं.

टेमघरला उतरताना रिक्षावाला खेकसला, "मॅडम, कबसे चिल्ला रहा हूँ!" ऐकूच आलं नव्हतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

गेले फॉर्म घेऊन. लाज वाटत होती, तरी गेले. खालांनी चष्मा लावला.

"याच्यावर सही केली तर काय होईल?"
"क-६ चे आकडे निघतील. मीटर पण काढेन."
"मग दुपारचं थांबणं कुठे लिहिलेलं राहणार नाही?"
"नाही."
"आणि नाही केली तर तुझं नुकसान?"

मी फॉर्मचा कोपरा दुमडत बसले. त्यांनी पेन मागितलं. "दे. पोरीचं नुकसान नको. त्यांना पण आवडलं नसतं." नाव लिहायला लागल्या. 'हमी'च्या पुढे गेल्या नाहीत, कारण मी कागद खेचून घेतला. पुढची रेघ टेबलावर ओढली गेली. फॉर्म रस्त्यात फाडला. चहाच्या टपरीवर बसून राहिले.

स्वतःचाच राग आला. त्या बाईला मी काय मागायला गेले होते?

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुढच्या फेरीआधी कामगारांच्या कानांच्या तपासणीचं मशीन चालवून बघायचं होतं. नेहमी पहिला नंबर माझा. गेल्या वेळी माझा आलेख सरळ रेघ आला होता, मनीषाताई म्हणाल्या होत्या, वटवाघळाचे कान आहेत तुझे.

आज आलेखात दोन्ही कानांना खड्डा. उंच पट्टीच्या आवाजावर, बरोबर तिथेच, जिथे लूमवाल्यांना पडतो. क-१ च्या जुन्या कामगारांचा आलेख शेजारी ठेवला. तसाच.

मनीषाताई लॅब सांभाळतात, त्यांचा घेतला. सरळ. मशीन बरोबर आहे.

"तू कुठे बसतेस गं दिवसभर?"
म्हटलं, एका रिकाम्या खोलीत.

२७ डिसेंबर, शनिवार

तपासणाऱ्याचे स्वतःचे आकडे धरायचे नाहीत, हाही माझाच नियम. पण आत बसलेलं दुसरं माणूस नाही. रिनी म्हणते टाका, वेगळ्या फाइलमध्ये, का टाकलंत ते लिहून. आणि पुढे लिहिलंय, "पण आता तिथे बसू नका. प्लीज."

उघड्या डेटाची नवी आवृत्ती तयार करून ठेवली. क-६ आहे तिथेच. दोन्ही मीटर, माझ्या बसण्याच्या नोंदी, माझे कान. सगळं जोडलं. फक्त "बदलाचं कारण" हा रकाना राहिलाय, तो भरल्याशिवाय पुढे जात नाही. सर वाट बघतायत माझ्या फोनची.

२९ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी मीटर काढून आणायलाच गेले होते. देवाशपथ. पिशवीपण नेली होती. खालांनी कुलूप उघडलं, म्हणाल्या डबा घेऊन येते, तोवर बस. बसले. मीटरांकडे पाठ करून बसले, आकडे बघायचेच नव्हते. लॅपटॉपवर तो रकाना उघडला आणि वाक्य जुळवत राहिले.

आणि एकाएकी सगळं शांत झालं.

इतकं शांत की मी दचकले. कानात हवा भरल्यासारखं झालं. माझाच श्वास ऐकू आला. मागे वळून बघितलं तर दोन्ही आकडे खाली. मला बघायच्या आधी कळलं होतं. मग सकाळपासून आतापर्यंत मी काय ऐकत होते?

खाला दारात होत्या, हातात डबा. बोटं तोंडाशी नेली आणि पंजा आडवा केला. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघून.

त्या बसल्या, बोलायला लागल्या. आज लेकीचा फोन आला होता. मीही ऐकलं. मीटर तिथेच आहेत. रकाना रिकामा आहे.