कंपनीचा आकडा बरोबर आहे

प्रिय मयूरी,

तुझं कुरिअर परवा मिळालं. गाडीच्या इंजिनाच्या खर्चातला सत्तर टक्के वाटा कंपनी उचलणार, हे शेजारच्या नवलला कळलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला. 'पोरनी कंपनीले वाकाडी दिन्हं,' असं तो सांगत फिरतोय. चार महिने तू त्या लोकांना मेल लिहीत होतीस, कामावरून थकून आल्यावर प्रत्येक मेल मला फोनवर मराठीत समजावून सांगत होतीस. गाडी माझ्या नावावर, म्हणून शेवटच्या कागदावर सही माझी लागते. ती कुठे करायची तिथे तू पेन्सिलने फुलीही मारून पाठवलीस. कागद दोन दिवस टेबलावर आहे. सही मी केलेली नाही.

इकडे बरं आहे. केळीचा एक बाग काढला, दुसरा उभा आहे. नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडल्यात, त्या रस्त्याने रुमाल लावल्याशिवाय जाता येत नाही. मी जेवतो, झोपतो. मंगलाबाई भाकरी करून जाते. मीठ कमी पडलं की जास्त, हे ती विचारते तेव्हा मला सांगता येत नाही. तुझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही, हे तू पाहिलंस आणि नंतर मावशीला म्हणालीस की बापू खंबीर आहेत. तसं काही नाही. आत काही हलतच नाही, एवढंच आहे.

आता गाडीचं सांगतो. जुलैत शेताच्या रस्त्यावर इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. ट्रॅक्टरने ओढत नंदुरबारच्या शोरूमला नेली. तिथल्या उमाकांतने गाडीला कॉम्प्युटर लावला. सावळा, चष्मेवाला, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. त्याने सांगितलं की धूर गाळणारी जाळी चोंदलीय, डिझेल ऑइलमध्ये उतरलंय, बेअरिंग खाल्ली गेली. मग आकडे वाचले. गाडी धावली सहाशे चाळीस किलोमीटर आणि इंजिन चाललं तीनशे अकरा तास. त्याने चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, 'काका, गाडी उभी करीसन इंजिन चालू ठेवतस का तुम्ही?' मी नाही म्हटलं.

त्या एका 'नाही'वर तू पुढचं सगळं उभं केलंस. तू कंपनीला लिहिलंस की आईला दर तीन आठवड्यांनी सुरतच्या दवाखान्यात याच गाडीने नेलं, चौदा वेळा नेलं, मग किलोमीटर सहाशे कसे? खराब इंजिन झाकायला शोरूमच्या माणसाने मीटर बदललं, नोंदी फिरवल्या, असंही लिहिलंस. कंपनीने बरेच दिवस दाद दिली नाही. शेवटी त्यांना तेच सोयीचं वाटलं असेल. या कागदावर काय आहे ते मी नवलच्या सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. रुग्णाची ने-आण याच गाडीने झाली असं मी म्हणतो, आणि नोंदी शोरूमच्या कर्मचाऱ्याने चुकीच्या घेतल्या, हे मला मान्य आहे. उमाकांतला त्यांनी दिवाळीआधीच घरी बसवलंय. माझी सही झाली की तो कायमचा घरी.

मयूरी, कंपनीचा आकडा बरोबर आहे.

तू गाडी पाठवलीस तेव्हा आईला किती आनंद झाला होता ते तुला माहीत आहे. रेल्वेच्या गर्दीत तिचे हाल होऊ नयेत म्हणून तू स्वतःचं घर घ्यायचं पुढे ढकललंस. मी साठाव्या वर्षी लायसन काढलं, शेतापर्यंत गाडी नेऊ लागलो, आणि तुला वाटलं बापूंना जमलं. पहिल्या खेपेला आम्ही खरंच निघालो. विसरवाडीला मोठ्या रस्त्याला लागलो. मागून ट्रक, पुढून ट्रक, एकाने आरसा घासून नेला. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद. मला किल्लीसुद्धा फिरवता येईना. ढाब्यावरच्या एका माणसाने गाडी बाजूला घेतली आणि नंदुरबारपर्यंत आणून दिली. तुझी आई सगळा वेळ माझा गुडघा धरून होती. घरी आल्यावर ती म्हणाली, 'पोरले सांगू नका. तिले वाईट वाटी.' दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने गेलो. चौदाही वेळा रेल्वेनेच गेलो.

ड्रायव्हर ठेवता आला असता, हे तू म्हणशीलच. नवलही आला असता. पण मग मला रस्त्याची भीती वाटते हे गावाला सांगावं लागलं असतं. तीस वर्षं तापीवरचा पंप चालवणारा माणूस मी, गावातल्या कुणाचंही इंजिन बंद पडलं की लोक मला बोलवायचे. लाज वाटली. आज ते लिहिताना लाजही वाटत नाही.

सुरतच्या प्रत्येक खेपेला तुझा फोन रात्री आठला यायचा. आम्ही साडेसातपर्यंत घरी पोचलेलो असायचो. मग दोघं गोठ्यातल्या गाडीत जाऊन बसायचो, मी पट्टा लावायचो, इंजिन चालू करायचो, आणि तुला सांगायचो की आता नवापूर मागे पडलं. तू म्हणायचीस, हळू चालवा. फोन ठेवला की आई हसायची. 'आपली गाडी गोठामाच सुरत चालनी,' म्हणायची. इतक्या आजारपणात ती हसतेय म्हणून मलाही त्यात काही वाईट दिसेना.

उन्हाळ्यात औषधाने तिच्या अंगाची आग आग व्हायची. वीज दुपारी जायची. मग ती मागच्या सीटवर पाय पसरून पडायची आणि मी एसी लावून द्यायचो, दोन-दोन तास. इंजिनाला यात काही धोका असेल असं माझ्या मनातही आलं नाही. माझं सगळं आयुष्य एका जागी उभ्या इंजिनाजवळ गेलं. नदीवरचं इंजिन अठरा तास चालायचं आणि त्याला काही व्हायचं नाही. उलट बंद ठेवलं की जाम व्हायचं, म्हणून आम्ही ते रोज चालवायचो. तुझी गाडीही मी तशीच रोज चालवली, जपायची म्हणूनच चालवली. ही नवी इंजिनं रस्त्यावर पळाली नाहीत तर आतल्या आत बिघडतात, हे मला उमाकांतने जुलैत सांगितलं. तोवर झालेलं होतं. तू दिलेल्या गाडीत तिला गारवा मिळाला, एवढं मात्र खरं आहे, ते तू मनात ठेव.

इथपर्यंत मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. पुढचं बोलायला जमलं नसतं. तू पाठवलेल्या कागदांत कंपनीने दिलेली तारीखवार यादी आहे. त्यातल्या एका ओळीभोवती तू लाल गोल केलाय. सोळा मे, दुपार, इंजिन चालू त्रेचाळीस मिनिटं, अंतर शून्य. यादी खोटी असल्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून तू ती ओळ लावलीस, कारण त्या दुपारी मी आईला गाडीत घालून प्रकाशा गावच्या पुलापर्यंत नेलं आणि तिथे ॲम्ब्युलन्स भेटली, असं मीच तुला सांगितलं होतं. त्या दुपारी सगळी गल्ली शहाद्याला लग्नाला गेली होती. तिचा श्वास लागला. नंदुरबारहून ॲम्ब्युलन्स निघाली असं फोनवर कळलं. मी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, फाटक उघडलं, इंजिन चालू केलं. समोर मोकळा रस्ता होता, एक बैलगाडीसुद्धा नव्हती. मी स्टेअरिंग धरून बसलो. ॲम्ब्युलन्स फाटकाशी येऊन थांबली तेव्हाही मी तसाच बसलेला होतो. नंदुरबार यायच्या आधी ती गेली. अर्ध्या तासाने काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

हे पत्र मी आज टाकतोय. ते तुला मिळेल तोवर मी बसने नंदुरबारला जाऊन शोरूमच्या मालकासमोर हे सगळं लिहून दिलेलं असेल, आणि उमाकांतच्या घरी जाऊन आलेलो असेन. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. सही न केलेला कागद सोबत आहे. कंपनीला तूही दोन ओळी लिही, की ती ओळ खरी आहे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. अजून एकच सांगायचं राहिलं. त्या त्रेचाळीस मिनिटांत मी आरशातून तिच्याकडे बघत होतो. ती एकदा जरी 'चला' म्हणाली असती, तर मी गाडी काढली असती असं मला अजून वाटतं. ती म्हणाली नाही. मला भीती वाटतेय हे तिला दिसत होतं, म्हणून ती म्हणाली नाही.

तुझाच,
बापू