पित्ताला मासळीचा दोष नको

नाशिक

ती. आईस, भाविकाचा नमस्कार.

सुकट पाठवणं बंद करू नकोस. माझ्या अंगावर पित्त उठतं ते मासळीमुळे नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "कामावर त्रास आहे का?" मी रडलेच. ताणानंही पित्त वाढतं म्हणाल्या. आता समुपदेशकाकडेही जाते. आपल्या मिरकरवाड्यात कोणी "भाविकाला वेड लागलं" म्हणालं, तर खुशाल म्हणू दे.

काल आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर पेशंटांसमोर माझ्यावर ओरडल्या. हातावर पित्ताच्या गांधी उठल्या, पण मी हात लपवले नाहीत. म्हटलं, "चूक सांगा, ओरडू नका." मग त्यांनी हळू आवाजात चूक सांगितली.

पित्त अजून येतं. बाबांचा गुडघा कसा आहे? मला घरी परत बोलावू नकोस, तूच भेटायला ये.

तुझीच,
भाविका