शेपटीवर बसलेलं विमान

किन्हवली
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. आजोबांचा खोकला गेला. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

माझ्या अठरा जानेवारीच्या पत्रातलं एक वाक्य आधी दुरुस्त करते. 'आजोबा विमानाच्या नाकात भार घालायला विसरले' असं मी लिहिलं होतं. ते विसरले नव्हते. ते काम माझं होतं आणि विसरले मी.

बाकीचं पत्र खरं आहे. डिसेंबरात त्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता, ते मी मागे घेत नाही. पण तू त्यांना कायमचं तुझ्याकडे मुरबाडला न्यायचं ठरवलंस ते बहुतेक त्या वाक्यावरून, म्हणून सगळं नीट सांगते.

तुझ्या विपुलने आजोबांना पाठवलेला मॉडेल विमानाचा संच तू पाहिला नाहीस. व्हॅम्पायर, म्हणजे आजोबा अठराव्या वर्षी हवाई दलात फिटर म्हणून लागले तेव्हा त्यांनी हात लावलेलं पहिलं जेट. तेव्हाच ते जुनं झालं होतं. जेट असून नाक लाकडाचं, हे ते अजून कौतुकाने सांगतात. संच परदेशातल्या कुठल्याशा लहान कारखान्याचा, मोजकेच नग काढलेला. अशा संचात कुठलाच भाग दुसऱ्यात सरळ बसत नाही. जुळवायला खुंट्या नसतात, कडा जाड असतात, घासून घासून बसवावं लागतं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच एकच येते, चिरली की संपलं. मला धास्ती वाटत होती, आजोबा मात्र खूश.

"आयता बसला तं त्यात आपला काय?" म्हणाले.

दिवाळीपासून रोज सकाळी आम्ही दोघं त्या टेबलाशी बसायचो. मला लहानपणच परत मिळाल्यासारखं वाटत होतं. तुला आठवतंय ना, दम्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. आकडे मी शिकले ते आजोबांच्या मॉडेलच्या संचांतल्या प्लास्टिकच्या फांद्यांना लटकलेल्या भागांच्या नंबरांवरून. रविवारी तुला पत्र, हाही त्यांचाच धडा. खाडाखोड झाली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि एक नियम होता. एकाने जोडणीची यादी वाचायची, दुसऱ्याने त्या भागाला बोट लावायचं, मगच 'हो' म्हणायचं. हवाई दलातून आणलेली सवय. सहा वर्षांची असताना मी एकदा न बघताच 'हो' म्हटलं. ते रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि सगळी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. जेवण गार झालं.

व्हॅम्पायरचं पुढचं चाक नाकाखाली असतं आणि मागे दोन लांब शेपट्या. नाकात भार भरला नाही तर मॉडेल मागे कलतं. भारासाठी मी तानसा तलावावरच्या एका मासे धरणाऱ्याकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणले, धुतले आणि वाटीत घालून खिडकीत वाळत ठेवले. नाकाच्या दोन फाका चिकटवायच्या त्या सकाळी माझा फोन वाजला. मी बाहेर जाऊन बोलून आले. त्या फोनबद्दल पुढे लिहिते. परत आले तेव्हा माझं लक्ष जाग्यावर नव्हतं. आजोबांनी यादी वाचली.

"भार टाकलास ना गो?"

"टाकला."

"हात लावून बोल."

"लावला."

त्यांनी यादीवर खूण केली, आणि मी फाका चिकटवल्या. दुपारी खिडकीत वाटी दिसली. तेव्हा सांगितलं असतं तर पातं घालून नाक उघडता आलं असतं. मी मणी माझ्या पर्समध्ये टाकले.

रंग, चाकं, काच, सगळं झालं. टेबलावर उभं केलं आणि ते हळूच मागे गेलं. शेजारच्या अंबूबाई बघायला आल्या होत्या.

"महादूदादा, तुमचा इमान तं कुत्र्यासारा ढुंगनावं बसलाय."

"दमला असंल. लांबून आलाय," आजोबा म्हणाले, आणि तिघंही हसलो.

अंबूबाई गेल्यावर त्यांनी यादी काढली. त्या ओळीपुढे त्यांचीच खूण होती. खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे इचारलाच नसंल मी. नुसतीच खूण केली. आता नाय जमत गो."

मी यादीची घडी करून ठेवून दिली. आणि दोन दिवसांनी तेच तुला लिहिलं.

तेव्हापासून ते कडी तीन-तीनदा बघतात. गोळी घेऊनही 'घेतली का?' म्हणून मला विचारतात, आणि मी सांगेन ते मानतात. आपल्या हत्यारांची पेटीही त्यांनी देऊ केली; कानशी, पाती, सगळं शुक्रवारी शेखर सर शाळेसाठी न्यायला येणार आहेत. आणि पुढच्या रविवारी तू गाडी घेऊन येशील, त्यालाही ते एका शब्दात 'बरं' म्हणाले. वाद घातला नाही. तुला ते समजूतदारपणाचं वाटलं.

आता तो फोन. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आहे. सोळा तारखेला हजर व्हायचं आहे. मला जायचं आहे, आत्या. पण त्यांना एकटं टाकून जाते, हे तोंडाने म्हणायचं नव्हतं. ते आपल्याच विसराळूपणामुळे तुझ्याकडे गेले असते, तर मला काहीच म्हणावं लागलं नसतं. मी हे असं ठरवून केलं नाही. पण चालू दिलं.

मुरबाडला त्यांना यावंसं वाटलं तर त्यांनी जरूर यावं. आपलं डोकं गेलं असं समजून येऊ नये.

सांगायला दोनदा त्यांच्यापाशी बसले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तू हायस म्हनून चाललाय गो माझा," आणि मी चहा टाकायला उठले. म्हणून आधी तुला लिहिते. बुधवारपर्यंत हे तुझ्या हातात पडेल, मग मला मागे फिरता येणार नाही. फोनवर त्यांना यातलं काही बोलू नकोस. भाराचं आणि नाशिकचं, दोन्ही मीच सांगणार आहे, पेटी घरातून जायच्या आधी. त्यांची दाढी झाली की, गुरुवारी, ५ फेब्रुवारीला.

तुझी,
कुणाली