अकरा ग्रॅम

अण्णा,

आज रविवार, कारखाना बंद. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मी एकटाच बसलोय आणि समोर टेबलावर दोन वस्तू आहेत. एक म्हणजे शर्यतीच्या बोटीचं सुकाणू ज्या दांड्यानं वळवतात तो दांडा, आम्ही त्याला नुसतं ‘हात’ म्हणतो. हा नवा आहे, कार्बन फायबरचा, काळाभोर, दोनशे बारा ग्रॅम. तीनदा तोललाय. दुसरी तुमची बरणी, आईच्या लोणच्याची, काचेची, झाकणाला एका बाजूला टवका उडालेली. ती एरवी माझ्या कपाटात असते. हात घेऊन ठोकून बघितला तर कार्बन वाजत नाही, नुसता ठक् करतो. तुम्ही काय म्हणाला असतात या आवाजाला, ते मला कळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

बडोद्यात बसून बोटीचे भाग करणारा माणूस म्हणजे लोकांना गंमतच होती. “दरियो क्यां छे, शेठ?” म्हणून आमचा फोरमन मला रोज छळायचा. समुद्र मी तोवर तीनदा पाहिलेला, तोही तुमच्या कोकणातल्या गावी, सुट्टीत. पण बाहेरच्या देशांशी व्यापार नुकता मोकळा झाला होता, अलकापुरीतल्या एका एक्स्पोर्टवाल्याच्या ऑफिसातून ड्रॉइंग आलं, आणि मी हो म्हटलं. प्रतापनगरच्या तुमच्या रेल्वे वर्कशॉपात तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता, तिथे मी गेलो नाही. डिप्लोमा अर्धा सोडलेला. रावपुऱ्यातून जुनी हँडबुकं आणायची, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायची, हे माझं कॉलेज. पहिला हात स्टेनलेस स्टीलचा केला, तो भरला अकराशे चाळीस ग्रॅम. गिऱ्हाइकाला पाचशेच्या आत हवा होता. बोटीच्या अगदी मागच्या टोकाला वजन पडलं की ती बूड टेकून पळते, आणि हाकणाऱ्याचा मनगटापासून खांद्यापर्यंत जीव जातो. अ‍ॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणजे जाडी वाढवायची, मग जिथे जोर येत नाही तिथून पोट कोरून काढायचं. सहा आठवडे मी हेच केलं. चारशे शहाऐंशी ग्रॅमवर आणला. तो आकडा मी त्याच दिवशी फॅक्सनं कळवून टाकला.

तुम्ही रिटायर झाल्यावरही दांडिया बाजारातून सायकल हाणत यायचात, आणि बरोबर चहाच्या वेळेला. त्या दिवशीही आलात. हात उचलून तळव्यावर तोललात, नखानं टिचकी मारून कानाशी धरलात, आणि खाली ठेवलात. मी वाट बघतोय. तुमचा एकच शब्द असायचा, ‘चालेल’. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला तोच, आईच्या पुरणपोळीला तोच. तो काही आला नाही. तुमचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं होतं.

“हे काय रे?”

“टेस्टिंग, अण्णा. बोल्ट लावून आधीचा एक अख्खा हात बुडवून ठेवलाय. सव्वीस दिवस झाले, डाग नाही.”

तुम्ही वाकलात, आमटी चाखताना घालता तसं बोट बादलीत घातलंत आणि जिभेला लावलंत.

“गोडं आहे.”

“बोअरचं आहे.”

“समुद्र काय बोअरचा असतो? मीठ घाल त्यात. आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट असा उघडा बसवू नकोस. खाऱ्या पाण्यात दोन धातू लागून राहिले की एक दुसऱ्याला खातो. तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी खिळा मारणाऱ्या सुताराला आमच्या खाडीत कोणी होडीला हात लावू देत नसे. मध्ये काहीतरी घाल. बोल्टभोवती नायलॉनचं बुश घाल, वॉशर घाल.”

मी उभ्या उभ्या हिशेब केला. भोक मोठं होणार, त्याच्या भोवतीची भिंत जाड करावी लागणार, वर चार वॉशर: अकरा ग्रॅम. चारशे सत्त्याण्णव. बसत होतं, अण्णा, पाचशेच्या आत बसत होतं. पण चारशे शहाऐंशी कळवून झालं होतं. मी म्हणालो, “वर अ‍ॅनोडायझिंगचा संरक्षक थर असतो, तो असताना काही होत नाही, पुस्तकात दिलंय. हे तुमचं रेल्वेचं लोखंड नाही.” तेवढ्यात फोरमन म्हणाला, “काका, आ दाळ नथी, मीठुं शेनुं नाखो छो?” ही काय डाळ आहे मीठ घालायला, म्हणून सगळी शेड हसली. मी हसलो. तुम्हीही हसलात, “बरं शेठ” म्हणालात, चहा न घेता सायकलला पिशवी अडकवलीत आणि निघालात.

चाळीस हात गेले. तुम्ही नंतर कारखान्यात आला नाहीत, आणि मलाही ते दोन महिने लक्षात आलं नाही. मग एका सकाळी तुम्ही उठला नाहीत.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातली फळी आवरत होती. मी पाटावर बसून तिच्याकडे बघत होतो. ती बरणी हातात धरून म्हणाली, “ही ओतून टाकू का रे? रोज सकाळी खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे. मीठ माझ्याच डब्यातलं. मी ओरडले की म्हणायचे, जरा मोकळा झाला की त्याला दाखवीन.” आत खारं पाणी, आणि त्यात माझ्याच भंगारातले, थर चढवलेले, रिजेक्ट झालेले दोन तुकडे. ते तुम्ही पिशवीतून कधी नेलेत, देव जाणे. दोन्हींत माझेच स्टीलचे बोल्ट. एकात बोल्टभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वर-खाली त्याच ट्यूबचे गोल वॉशर, कात्रीनं कापलेले, कडा अगदी रेखीव. तो तुकडा स्वच्छ होता. दुसऱ्यात बोल्टच्या कडेनं साबुदाण्यासारखे पांढरे दाणे फुटले होते. मी ते पुसले तर माझं नख भोकाच्या कडेत आत गेलं.

बोटी तोवर पाण्यात उतरल्या होत्या. भोक मोठं झालं म्हणजे सुकाणूला प्ले, म्हणजे ढिलेपणा आला, आणि त्या वेगात प्ले आला म्हणजे वर बसलेला माणूस कुठे जाईल ते सांगता येत नाही. मी मुंडण केलेल्या डोक्यानं तसाच अलकापुरीला गेलो आणि फॅक्स करायला लावला: सगळे हात काढा, बुश घातलेले नवे पाठवतो. कोणाला काही झालं नाही. त्यांनी कळवलं, काढलेल्या पहिल्याच हातात पांढरी पूड निघाली, भोक लांबट झालेलं. वर विचारलं, ‘तुम्हाला तिकडे बसून कसं समजलं?’ मी उत्तर दिलं, ‘आमच्या चाचणीत आढळलं.’ त्या एका ओळीवर ते गिऱ्हाईक इतकी वर्षं माझ्याकडे टिकलंय. मागे इथल्या कारखानदारांनी माझा सत्कार केला, तेव्हा शाल खांद्यावर घेऊन मी म्हणालो, मला कोणी शिकवलं नाही, जे केलं ते स्वतः वाचून केलं. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती.

आता या काळ्या हातात बोल्टसाठी धातूची पुंगळी बसवायचीय. अ‍ॅल्युमिनियमची बसवली तर नऊ ग्रॅम वाचतात, पण कार्बन तर स्टीलपेक्षा खादाड, खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला तो जगू देत नाही. टायटॅनियम मात्र त्याच्याशेजारी निवांत राहतं. आमची नवी इंजिनियर मुलगी म्हणते, “काका, कोटिंग देऊ ना, नऊ ग्रॅम पुष्कळ झाले.” मी टायटॅनियम ठरवलंय. कोपऱ्यात बादली अजून असते, मिठाची. रोज सकाळी मी बोट घालून चव घेतो आणि पोरं माझ्या पाठीमागे हसतात. हसू देतो. त्या वेळी फाटकाशी सायकलचा स्टँड लावल्याचा आवाज यावा, तुम्ही आत यावं, हा हात तळव्यावर तोलावा, आणि बोलावं किंवा न बोलावं, एवढंच वाटत राहतं.

हे कागद घडी करून बरणीखाली ठेवतोय. आईला वाचून दाखवायचं धाडस नाही. तिला बहुतेक सगळं ठाऊक आहे, पण शेवटचं एक नाही. त्या दिवशी तुमची सायकल फाटकाबाहेर वळली, सगळे आपापल्या मशीनवर गेले, तेव्हा मीही त्या बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं, अण्णा. गोडंच होतं.